काट्याचं वजन

वजनकाटा विकायचा असेल तर खुद्द त्याचं वजन कशावर करायचं, हा प्रश्न जगात फारसा कुणाला पडला नसावा. पडला असता तर कुणीतरी उत्तर शोधून ठेवलं असतं, आणि तिच्या आयुष्यातले ते बहात्तर तास टळले असते.

काटा तान्ह्या बाळांसाठी असतो तसला होता. पांढराशुभ्र, होडीच्या आकाराचा, समोर हिरवे आकडे. छोटी चार दिवसांची असताना तो घरात आला आणि तेव्हापासून घराचा दिवस त्याच्यावरच उजाडू लागला. सकाळी सात वाजता, दूध पाजायच्या आधी, छोटीला त्यात झोपवायचं, श्वास रोखून आकडा स्थिर व्हायची वाट बघायची आणि तो दोनशे पानी वहीत लिहायचा. शेजारच्या रकान्यात कालच्यापेक्षा किती जास्त. आकडा वाढलेला असला की चहाला चव असायची. नसला की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. नवरा ऑफिसला जाताना पाऊस पडेल का हे बघायला खिडकीतून डोकावत नसे. तो वहीत डोकावायचा.

या वहीत एक काळा दिवस होता. छोटीच्या तिसऱ्या महिन्यात, उन्हाळा नुकता तोंड दाखवत असताना, एका सकाळी तिचं वजन एकदम चारशे ग्रॅमने कमी भरलं. एका रात्रीत! अंगावरच्या कपड्यांनिशी तिघं डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी छोटीला आपल्या काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "वजन उत्तम आहे."

"पण आमच्याकडे चारशे कमी दाखवतंय."

"आमच्याकडे दाखवत नाही."

"तिच्या अंगावर कपडे आहेत, डॉक्टर."

डॉक्टरांनी छोटीकडे नीट पाहून घेतलं. "झबलं आहे," ते म्हणाले. "चिलखत नाही."

त्या दिवसापासून तिचा विश्वास उडाला. काट्यावरचा नव्हे, डॉक्टरांवरचा. पुढे दर खेपेला त्यांच्याकडे छोटीचं वजन घरच्यापेक्षा चारशे-सव्वाचारशेने जास्त भरायचं, आणि दर खेपेला ती मनात म्हणायची की ज्या काट्यावर रोज शंभर मुलं हातपाय झाडतात त्याची स्प्रिंग सैल पडणारच. तिथल्या तिथे, डॉक्टरांसमोरच, ती त्यांच्या आकड्यातून कपड्यांचे म्हणून काहीतरी वजा करायची, तरी घरच्यापेक्षा अडीचशे-तीनशे जास्त उरायचे. ते ती डॉक्टरांच्या चांगल्या स्वभावाच्या खात्यावर टाकायची. आयांना बरं वाटावं म्हणून लोक काय काय करतात.

छोटी तेरा महिन्यांची झाली आणि तिने काट्यावर आडवं पडायला साफ नकार दिला. ती त्यात उभी राहायची, बसून डोलायची, कडा चावायची. वहीत आकड्यांऐवजी 'हलली', 'पुन्हा हलली', 'उतरली' असे शेरे येऊ लागले. तेव्हा नवऱ्याने आणि सासूबाईंनी मिळून एका रविवारी ठराव मांडला की काटा घरातून गेला पाहिजे.

"आणि परत येता कामा नये," नवरा म्हणाला. "मग मला सकाळचा चहा चहासारखा पिता येईल."

"पोरगी चांगली टणटणीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी रोज कडेवर घेते. माझ्या कमरेला विचार."

तिने शब्द दिला. काटा जाईल, परत येणार नाही. मात्र फुकट द्यायचा नाही आणि भंगारातही नाही. तेरा महिने ज्याच्यावर घर चाललं त्याची किंमत चार लोकांनी बोली लावून ठरवावी. म्हणून तिने ऑनलाइन लिलाव करायचं ठरवलं.

लिलावाचे पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बोली आली आणि तिने छोटीला उचलून घरभर दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी कळलं की ती नवऱ्याने ऑफिसातून लावली होती.

"बाजार जरा तापवला," तो म्हणाला.

"अरे, आपलाच काटा आपणच विकत घेणार?"

"तेवढ्यात कुणी आलं असतंच की."

ती बोली रद्द करायला कंपनीचे तीन अर्ज भरावे लागले. फसवून एक पैसाही जास्त घ्यायचा नाही, हे तिने तेव्हाच ठरवलेलं होतं, आणि हे मुद्दाम सांगायचं कारण पुढे तिला फसवी म्हणण्यात आलं. शेवटच्या दिवशी 'शांतसागर' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा माणसाने बोली लावली, ती टिकली, आणि काटा त्याला गेला.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग कंपनीच्या अर्जात रकाना आला: पार्सलचे अचूक वजन. त्यावर शिपिंगचा आकार ठरायचा, आणि तो घेणाऱ्याने भरायचा. पाच किलोपर्यंत एकशे ऐंशी, पाचाच्या वर एक ग्रॅम जरी गेला तरी थेट दुप्पट.

घरात वजनाचं साधन एकच होतं आणि तेच पाठवायचं होतं. मोठ्या माणसांचा काटा एकेकाळी होता, पण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो काहीतरी लागेल असं बोलला म्हणून तिने माळ्यावर टाकला, आणि तिथे त्याच्या बॅटरीने प्राण सोडला होता. खालच्या दुकानदाराकडे तागडी होती, पण ती गूळ-साबणाच्या मापाची. समोरच्या काकूंनी सांगितलं, "अगं, अंदाजे टाक. सगळे टाकतात." काकूंनी आजवर ऑनलाइन तीन खुर्च्या, एक शिलाई मशीन आणि दिरांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ विकलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण अंदाजे हा शब्द तिच्या घरात वर्षभर कुणी उच्चारला नव्हता.

तिने विचार केला आणि तिचं तिलाच कौतुक वाटावं असं उत्तर काढलं. काट्याचं स्वतःचं वजन त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं: तीन किलो सहाशे पन्नास. उरलं पॅकिंग. तेवढं काट्यावर तोलायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. तिने मोठा खोका, थर्माकोलचे जाड तुकडे, जुनी वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टीची रिळं असं सगळं त्या होडीत रचलं. आकडा आला एक किलो वीस ग्रॅम. बेरीज चार किलो सहाशे सत्तर. पाचाच्या आत, आणि चांगली ऐसपैस. वहीच्या शेवटच्या पानावर तिने हे तारीख-वेळ घालून लिहून ठेवलं.

काटा खोक्यात ठेवताना तिने पलंगावरचं छोटीचं लोकरी ब्लँकेट उचललं. "आई, हे भोवती गुंडाळू का? धक्का लागणार नाही."

सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढूनच घेतलं. "डोळे फोडून विणलंय मी ते. परक्याच्या घरी पाठवायला नाही." तेव्हा कोपऱ्यांत आणखी वर्तमानपत्रं कोंबावी का असं तिच्या मनात आलं, पण पॅकिंग तोलून झालं होतं. तिने एक कपटासुद्धा वाढवला नाही. माहितीपुस्तिका आत घातली, तीही झेरॉक्स काढून घेतल्यावर. कधी काय लागेल सांगता येत नाही.

कुरिअरचा माणूस आला, त्याने खोका एका हाताने तोलला आणि म्हणाला, "साडेचार-पाच असेल."

"चार किलो सहाशे सत्तर," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे आदराने पाहिलं, असं तिला वाटलं.

पाचव्या दिवशी छोटीला भरवत असताना मोबाइल वाजला. शांतसागरांचा निरोप होता आणि सागर खवळलेला होता.

'तुम्ही वजन लपवलंत. कुरिअरवाल्याने दारात शिपिंगचे दुप्पट पैसे मागितले. कडेवर तान्हं बाळ घेऊन मला जिन्यात वाद घालावा लागला. लोकांना असं फसवून झोप कशी लागते तुम्हाला?'

झोपेचा मुद्दा तिने बाजूला ठेवला. तेरा महिन्यांचं मूल असलेल्या बाईला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला अजून बरंच कळायचं होतं. पण 'वजन लपवलंत'! जिने आपल्या मुलीचे पाच ग्रॅमसुद्धा कधी लपवले नाहीत, तिने एका खोक्याचं वजन लपवलं म्हणे!

पाठोपाठ कंपनीचं पत्र आलं. 'प्रिय विक्रेते, आपल्याविरुद्ध शिपिंग आकाराचा वाद उघडण्यात आला आहे. बहात्तर तासांत पुराव्यासह उत्तर द्यावे. अन्यथा निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागून वस्तू आपल्या पत्त्यावर परत पाठवली जाईल.'

परत हा शब्द नवऱ्याने खांद्यावरून वाचला. "एकशे ऐंशीच ना?" तो म्हणाला. "देऊन टाक आणि मोकळी हो."

"प्रश्न एकशे ऐंशीचा नाही."

हे वाक्य ज्या घरात बोललं जातं तिथे पुढचे दोन-तीन दिवस जेवण वेळेवर होत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. तो पेपर घेऊन गॅलरीत गेला.

तिने उत्तर लिहायला घेतलं. 'पॅकिंग १.०२०, काटा ३.६५०, एकूण ४.६७०.' पाठवल्यावर निरोप असा दिसू लागला: 'पॅकिंग *, काटा *, एकूण *.' गिऱ्हाईक आणि विक्रेते एकमेकांना फोन नंबर देऊन परस्पर व्यवहार करतील या भीतीने कंपनीची यंत्रणा प्रत्येक आकडा पुसून टाकत होती. शांतसागरांनी लगेच लिहिलं: 'शिव्या देऊ नका. घरात लहान मूल आहे.'

पुराव्याचा रकाना तर त्याहून थोर होता. 'पार्सल वजनकाट्यावर ठेवलेल्या स्थितीतील छायाचित्र जोडावे.'

तिने कंपनीला कळवलं की वजनकाटा पार्सलच्या आत होता. कंपनीने आभार मानले आणि पार्सल वजनकाट्यावर ठेवलेल्या स्थितीतील छायाचित्र जोडायला सांगितलं. तिने पुन्हा लिहिलं की जी वस्तू विकली ती वजनकाटाच होती, ती आत असताना बाहेर असू शकत नव्हती. कंपनीने तिच्या सहनशीलतेबद्दल आभार मानले आणि विचारलं, आमच्या उत्तराने तुमचं समाधान झालं का? एक ते पाच तारे द्या.

काकू धावून आल्या. "कुरिअरवाल्यांचीच लबाडी! पाचच्या जवळ काही दिसलं की टेकवतात बोट मशीनवर. माझ्या घड्याळाच्या वेळी हेच केलं. तू उलटी तक्रार टाक. आणि अगं, फोटो काय, दुसरा कुठलातरी खोका कुठल्यातरी काट्यावर ठेवून काढ. त्यांना कोण सांगतंय?"

"खोटा फोटो?"

"फोटो खराच असणार. खोका खोटा."

बहात्तरपैकी तीस तास असेच गेले. छोटीला त्यातले काही तास सर्दी झाली, आणि तिचं वजन किती उतरलं हे बघायला घरात काहीच नव्हतं. आईने सवयीने सात वाजता वही मात्र उघडली. रिकामा रकाना बघून मिटली.

दुसऱ्या दिवशी काकूच वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना घेऊन आल्या. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. एकोणतीस वर्षं त्यांनी लोकांची पार्सलं तोलली होती, आणि निवृत्तीनंतर कुणीही त्यांना काहीही तोलायला सांगितलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कागदपत्रं."

तिने वही दिली. मास्तरांनी शेवटच्या पानावरची बेरीज तीनदा केली, मग नुसती उत्सुकता म्हणून मागची पानं उलटली. रोजचा आकडा, शेजारी फरक, जवळजवळ चारशे ओळी.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं."

तेरा महिन्यांत तिला मिळालेली ही पहिलीच शाबासकी होती.

"बेरीज बरोबर आहे," मास्तर पुढे म्हणाले. "म्हणजे चूक आकड्यांतच आहे. कुरिअरची पावती?"

पावतीचा फोटो शांतसागरांनी तक्रारीला जोडलेला होता. पाच किलो सत्तर ग्रॅम. मास्तरांनी पेन्सिलीने वजाबाकी केली आणि उत्तराभोवती गोल काढला.

"चारशे. तीनशे ऐंशी नाही, चारशे दहा नाही. नेमके चारशे. बाई, अपघाताने झालेली चूक अशी गोल नसते. इतकी गोल चूक कुणीतरी केलेली असते."

"बोट!" काकू म्हणाल्या. "मी सांगत नव्हते?"

"चारशे ग्रॅमचं बोट कुणाचं असतं?" मास्तरांनी विचारलं. "साक्षीदार तीन आहेत. कुरिअरचं मशीन, छापील पुस्तिका आणि तुमचा काटा. तिघांपैकी एक खोटं बोलतोय."

"माझा काटा नाही."

"तपासलाय कधी?"

तिला राग आला. आपल्या माहेरच्या माणसाविषयी कुणी चौकशी केल्यासारखं वाटलं. वर्षभर तिने त्या हिरव्या आकड्यावर डॉक्टरांपेक्षा, सासूबाईंच्या कमरेपेक्षा आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. तपासायचा? घड्याळ बघून वेळ तपासतात, वेळ बघून घड्याळ नाही.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "त्या गृहस्थांना साखरेची एक किलोची बंद पुडी काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा. काटा खरा असेल तर तुमची बाजू पक्की."

वाद जिंकायचा तर हे करायला हवं होतं. तिने आकडे टाळून अक्षरांत निरोप लिहिला. शांतसागरांचं उत्तर आलं: 'आता साखरेची पण शिपिंग लावणार का?' पण तासाभराने फोटो आला. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर तिची ती पांढरी होडी, होडीत साखरेची पुडी. समोर हिरव्या आकड्यांत ०.६००. फोटोतले आकडे कंपनीला पुसता येत नसावेत.

काकूंनी मोबाइल आपल्याकडे वळवून आकडा पुन्हा वाचला.

"साखरवाल्याने मारली," ती म्हणाली. पण हे म्हणताना तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"एका पुडीत चारशे ग्रॅम मारायला तो साखरवाला नव्हे, दरोडेखोर हवा," मास्तर म्हणाले.

सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात छोटीचं नाक पुसत बसल्या होत्या. वादात त्या पडल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मते ज्या वस्तूचा वाद चालला होता ती मुळात घेण्यातच चूक होती. आता त्या म्हणाल्या, "चारशे म्हणजे माझ्या ब्लँकेटाएवढं झालं की गं."

"काय?"

"ब्लँकेट. चार गुंडे लोकर लागली त्याला. शंभराचा एक गुंडा. चारशे. तूच नाही का त्या काट्यात घालायचीस, पोरीला गार लागू नये म्हणून? मी म्हटलंही होतं, बाई, अशाने ब्लँकेटाचंही वजन धरलं जाईल. तर तू म्हणालीस, आई, त्याला बटण आहे."

त्याला बटण होतं. ती उठली, कपाटातून पुस्तिकेची झेरॉक्स काढली आणि सात भाषांमधून वाट काढत अकराव्या पानावर पोहोचली. 'अंथरुणाचे वजन वगळण्यासाठी वजावट बटण एकदा दाबावे. वजावट काट्याच्या स्मृतीत कायम राहते. ती पुसण्यासाठी बटण पाच सेकंद दाबून धरावे. काटा रिकामा असताना आडव्या रेघा दिसल्यास वजावट चालू आहे असे समजावे.'

आडव्या रेघा तिने रोज पाहिल्या होत्या. काटा तयार आहे, असा त्यांचा अर्थ तिने लावला होता.

छोटी चार दिवसांची असताना तिने काट्यात ब्लँकेटाची घडी अंथरली आणि बटण दाबून सांगितलं, एवढं वजा कर. उन्हाळा लागल्यावर, तिसऱ्या महिन्यात, तिने ब्लँकेट काढून टाकलं. काट्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. तो बिचारा सांगितलेलं काम इमानेइतबारे करत राहिला. त्याच सकाळी छोटी चारशे ग्रॅमने उतरली, तिघं घरच्या कपड्यांत डॉक्टरांकडे धावली, आणि त्यापुढे तीनशेहून जास्त दिवस, रोज सकाळी सात वाजता, तिने आपल्या पोटच्या पोरीच्या वजनातून एक ब्लँकेट वजा केलं.

मास्तरांनी वही अगदी हळूच मिटली. काकूंना जन्मात पहिल्यांदा सल्ला सुचला नाही. सासूबाईंच्या तोंडावर 'काखेत कळसा' आलेलंच होतं, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. या बाईंच्या चांगुलपणाचा हा पुरावा पुढे कुणी मागितला नाही म्हणून इथे नोंदवून ठेवलेला बरा.

आणि मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडात तिला स्वतःची वही दिसली नाही. तिला जिन्यात उभा असलेला, कडेवर तान्हं मूल घेतलेला एक अनोळखी माणूस दिसला. त्याने काटा घेतला कशासाठी होता? साखर तोलायला?

तिने मोबाइल ओढला. 'तुम्ही बाळाचं वजन केलंत का?'

उत्तर आलं: 'शिपिंगशी त्याचा काय संबंध?'

'आहे. केलंत का?'

'रोज करतोय. काटा आल्यापासून.' मग थोड्या वेळाने, न विचारता, पुढचं आलं. 'हॉस्पिटलातून निघताना होतं त्यापेक्षा कमी भरतंय. बायकोला सांगितलं नाही अजून. ती तशीच दमलेली आहे. दुपारी डॉक्टरांकडे नेतोय. तुम्ही प्लीज तेवढे पैसे परत करा, माझं डोकं आत्ता ठिकाणावर नाही.'

तिला सगळं लख्ख कळलं. शिपिंगच्या एकशे ऐंशीसाठी कुणी एवढं तुटून पडत नाही. माणसाला जिथे ओरडता येत नाही तिथलं ओरडणं तो दुसरीकडे नेतो, आणि कुरिअरची पावती त्याला सोयीची जागा असते. ती स्वतः वर्षभर दूधवाल्यावर ओरडत आली होती.

'किती कमी? आकडे पुसले जातात, अक्षरांत लिहा.'

'साडेतीनशे ग्रॅम.'

'चारशे मिळवा,' तिने लिहिलं. 'काटा चारशे कमी दाखवतो. साखरेचा फोटो बघा. चूक माझी आहे, काट्याची नाही. तुमचं बाळ पन्नास ग्रॅमने वाढलंय.'

यावर जे उत्तर आलं ते नुसतेच तारे होते. आकडे पुसले गेले की त्या माणसाने तारेच टाइप केले, ते तिला कधी कळलं नाही. तिने मागोमाग बटणाचं लिहिलं, पाच सेकंद दाबून धरा, रेघा जातील. आणि डॉक्टरांकडे तरी जाच, त्यांचा आकडा धरा, हेही लिहिलं. हे शेवटचं वाक्य लिहिताना ती क्षणभर थांबली होती, पण लिहिलं.

दहा मिनिटांनी फोटो आला. तीच होडी, तीच पुडी. १.०००.

वादाचा निकाल अर्थातच तिच्या विरुद्ध लागला. कंपनीच्या अर्जात 'खरेदीदाराचे म्हणणे मान्य' असा एकच पर्याय तिच्या कामाचा होता. 'मान्य, पण फसवलं नाही, ब्लँकेट होतं' असा नव्हता. तिने जादाचे एकशे ऐंशी भरले. तिच्या खात्यासमोर लाल खूण आली, जी कंपनीच्या नियमाप्रमाणे वर्षभर राहते. 'वस्तू परत पाठवायची आहे का?' या प्रश्नावर शांतसागरांनी 'नाही' लिहिलं. आणि अभिप्रायाच्या चौकटीत एवढंच: 'बाई खऱ्या आहेत. रेघांकडे लक्ष ठेवा.' हे वाचून पुढे कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही.

काटा परत आला नाही. नवरा चहा पिताना आता खरोखर पावसाचा अंदाज घेतो. काकू भेटेल त्याला सांगतात की त्यांना बटणाचा संशय पहिल्यापासून होता, आणि मास्तरांकडे आठवड्याला एखादं तरी पार्सल तोलून घ्यायला येतं.

पुढच्या महिन्यात छोटीच्या लसीची तारीख होती. डॉक्टरांनी तिला आपल्या जुन्या काट्यावर बसवलं, तिने काट्याची कड चावली, त्यांनी आकडा सांगितला. आईने वही काढली आणि तो जसाच्या तसा लिहिला. शेजारचा रकाना मोकळा सोडला.

डॉक्टर पेन धरून वाट बघत होते. "कपड्यांचे नाही वजा करायचे आज?"

"नको," ती वही पर्समध्ये टाकत म्हणाली. "झबलं आहे. चिलखत नाही."